उसनं बोट

सुईबाईला राग आला की तिचं बोलणं बंद व्हायचं आणि टाके बारीक पडायला लागायचे. ग्रंथालयाच्या दुरुस्तीखोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुस्तकाच्या पाठीवर टाके मुंग्यांच्या रांगेसारखे दिसू लागले की आज बाईंच्या वाटेला जायचं नाही, एवढं शहाणपण नवीन आलेल्या धाकटीलाही पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

सुईबाई हे नाव तिला चौतीस वर्षांपूर्वीच्या प्रमुखांनी दिलं. कामावर रुजू होऊन चार दिवस झाले होते. दुपारी ती कपाटाच्या आड उभी राहून पोटात इन्सुलिन टोचून घेत होती आणि नेमके ते खळीचं भांडं शोधत तिकडे आले. बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सगळं समजावून सांगितलं, मधुमेह अकराव्या वर्षापासून आहे म्हणाली, तेव्हा ते खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, म्हणजे दिवसभर पुस्तकांना टोचायचं आणि मधल्या सुट्टीत स्वतःला, तुम्हाला सुईशिवाय करमतच नाही म्हणायचं. ती हसली. नाव चिकटलं. पुढे ते प्रमुख गेले, त्यांच्यामागचे दोघेही निवृत्त झाले, नाव मात्र राहिलं. त्या नावाचा तिला कधी राग आला नाही. थट्टा सहन व्हायची. कीव आली की मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता ती बासष्ट वर्षांची होती, निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि तिच्या हातात नकाशांचं पुस्तक येणार होतं.

हे पुस्तक तिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं होतं. एकशे बारा नकाशे, सगळे हाताने रंगवलेले, प्रत्येक पान जेवणाच्या ताटाहून मोठं. मागच्या पिढीतल्या कुणी शहाण्याने ते लोखंडी तारेने शिवलं होतं. तारेला गंज चढला होता आणि गंजाने कागद खायला सुरुवात केली होती. ज्यांनी तिला काम शिकवलं ते म्हातारे कारागीर तेव्हा म्हणाले होते, याला हात लावायला हात तयार व्हावा लागतो, थांब जरा. ती थांबली. बत्तीस वर्षं थांबली. दर दोन वर्षांनी समितीकडे अर्ज जायचा आणि परत यायचा. अखेर या वर्षी मंजुरी आली. सगळी तार काढायची, दुमडलेल्या पानांची एकेक घडी कागदाने सांधायची आणि मेणाच्या दोऱ्याने सगळं पुस्तक नव्याने शिवायचं. आठ महिन्यांचं काम. ते शिवायला तिच्याइतका तयार हात त्या इमारतीत दुसरा नव्हता, हे ती स्वतः म्हणत नसे, पण बाकीचे म्हणत.

मंजुरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रमुखांनी तिला आत बोलावलं. हे नवे प्रमुख पंचेचाळिशीचे, स्वभावाने मऊ. त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग पाणी पुढे केलं, मग टेबलावरची पेन्सिल तीनदा सरळ केली. सुईबाईने ओळखलं की काहीतरी शिजलंय.

तिच्या मुलीचा फोन आला होता, असं ते म्हणाले. मुलीला काळजी वाटते. मागच्या थंडीत बाई बसथांब्यावर पडल्या होत्या, शुगर खाली गेली होती, अनोळखी माणसांनी मुलीला कळवलं, हे सगळं आपल्याला कळलं. इतकं मोलाचं पुस्तक, हातात धारदार हत्यारं, देव न करो आणि काही झालं तर. तेव्हा मुलीने आणि त्यांनी मिळून एक मार्ग काढला होता. मुलीने आणून दिलेलं शुगर मोजायचं ते नवं यंत्र बाईंनी कामावरच ठेवावं. दहाला, एकला आणि चारला बोट टोचावं. यंत्रात सिम असल्यामुळे आकडा थेट मुलीच्या फोनवर जातोच. महिनाभर आकडे ऐंशी आणि एकशे ऐंशीच्या मध्ये राहिले, तर मुलगी निर्धास्त आणि पुस्तक बाईंचं. नाही राहिले तर धाकटी शिवेल, बाईंनी शेजारी बसून सांगावं.

"तुमच्या भल्यासाठीच आहे हो," प्रमुख म्हणाले.

सुईबाई आपल्या टेबलाशी परतली. त्या दिवशी तिने एका शब्दकोशाला जे टाके घातले ते भिंग लावून पाहावे लागले असते.

पुस्तक हातचं जाईल याची भीती होतीच, पण राग त्या भीतीचा नव्हता. दोन मोठी माणसं फोनवर बोलली, आणि ती शेजारच्या खोलीत झोपलेलं तान्हं पोर असावं तसं तिच्याबद्दल ठरवून मोकळी झाली, याचा होता. चौतीस वर्षांत तिच्या शिलाईतलं एकही पान सुटलं नव्हतं. त्याची चौकशी कुणी केली नाही. चौकशी झाली ती रक्ताची.

आणि हे काही आजचं नव्हतं. अकराव्या वर्षापासून तिला माणसं आधी आकडा विचारत होती आणि मग कशी आहेस म्हणून. त्या काळी तर आकडाही नव्हता, रंग होता. सकाळी लघवी काचेच्या नळीत घ्यायची, त्यात निळं औषध घालायचं आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर तो दिवस संपलाच म्हणायचा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी नळी धरून उभी असायची आणि नळीतला रंग तिच्या चेहऱ्यावर उतरायचा. निळा असला की आई वेणी घालताना गुणगुणायची. विटकरी असला की वेणी इतकी घट्ट बांधायची की डोळे ताणले जायचे. काय खाल्लंस, कुठे खाल्लंस, कुणी दिलं, माझ्या जिवाचं असं पाणी का करतेस? पोरगी तरी काय सांगणार? कित्येकदा तिने काहीच खाल्लेलं नसायचं. साखर आपली वाढायची, तिच्या मनाने.

बाराव्या वर्षी तिने नळीत अर्धं पाणी मिसळायला सुरुवात केली. सतरा दिवस घरात निळाई होती. आईने तिला नवा फ्रॉक शिवला, वडिलांना म्हणाली, बघा, आपली पोर किती शहाणी झाली. अठराव्या दिवशी पोरगी वर्गात कोसळली आणि नऊ दिवस दवाखान्यात राहिली. शुद्धीवर आल्यावर तिला पहिली आठवण झाली ती त्या सतरा दिवसांची. आई तिच्यावर नव्हे, निळ्या रंगावर खूश होती, हे तिला खाटेवर पडल्या पडल्या कळलं. बारा वर्षांच्या मुलीला असलं काही कळू नये.

त्यामुळे मोठेपणी स्वतःच्या शुगरशी तिने सरळ व्यवहार ठेवला होता. तिच्या पर्समध्ये एक जुनं, साधं यंत्र असे आणि एक वही. त्या वहीतले आकडे ती फक्त डॉक्टरीणबाईंना दाखवायची, खरे, जसेच्या तसे. दोनशे असले तर दोनशे. डॉक्टरीणबाई कपाळाला आठी न घालता म्हणायच्या, बरं, मग संध्याकाळचा डोस दोनने वाढवू. इतकंच. पन्नास वर्षांत तिला तसं बोलणारं हे एकच माणूस भेटलं होतं.

मुलीचं नवं यंत्र मात्र साधं नव्हतं. बोट टोचलं की मिनिटभरात फोन.

"आई, दोनशे चौदा. काय खाल्लंस?"

"राग," सुईबाई एकदा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. रागाने शुगर चढते, हे तिला पुस्तकं वाचून शिकायला लागलं नव्हतं. फोन आला की राग, राग आला की आकडा वर, आकडा वर गेला की पुन्हा फोन. महिन्याचे पहिले तीन दिवस असेच गेले. नऊपैकी चार आकडे एकशे ऐंशीच्या वर. प्रमुख जाता-येता तिच्याकडे हळहळून पाहायला लागले. धाकटी तर तिच्या नजरेलाच नजर देईना, जणू पुस्तक तिनेच चोरलं होतं.

चौथ्या दिवशी चार वाजता सुईबाईने यंत्र बाहेर काढलं, पट्टी लावली आणि तशीच बसून राहिली. शेजारच्या टेबलावर घड्याळकाका होते. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठसवायचं काम त्यांचं. गेली वीस वर्षं ते दहाला दोन मिनिटं कमी असताना आत येत, एकला डबा उघडत आणि चारला चहाबरोबर चार बिस्किटं खात. पाच नाही, तीन नाही. माणूस कमी बोलणारा, पण कुतूहल दांडगं. त्या दिवशी ते चौथं बिस्किट संपवून म्हणाले, आमचं किती भरतं हो, बघू तरी एकदा.

सुईबाईला काय वाटलं कोण जाणे. तिने नवी सुई लावली आणि यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"अठ्ठ्याण्णव?" ती म्हणाली. "चार बिस्किटं खाऊन?"

"जास्त आहे का?" काका घाबरले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं मोजून-मापून खाणारी ती, आणि हा माणूस बिस्किटांचा चुरा मिशीवरून झटकत अठ्ठ्याण्णव. तेवढ्यात फोन वाजला. आकडा गेला होता. तो आपला नव्हे, हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण लेकीचा आवाज वेगळाच होता. वा आई, म्हणाली, मस्तच. आणि मग फोन ठेवला नाही. ऑफिसातल्या नव्या मॅडम लिफ्टमध्ये स्वतःशीच बोलतात ते सांगितलं. खिडकीचे पडदे बदलायचेत, निळे घेऊ की राखाडी, ते विचारलं. एका इस्त्रीच्या फजितीवरून दोघी हसल्या. बारा मिनिटं. मागच्या दोन वर्षांत लेक तिच्याशी शुगर सोडून बारा मिनिटं बोलली नव्हती.

सुईबाईने फोन ठेवला. घड्याळकाकांकडे पाहिलं. काकांनी यंत्राकडे पाहिलं. शब्दाने कुणी काही ठरवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी आपणहून करंगळी पुढे केली. करंगळीच का, तर सोनं ठसवायला ती लागत नाही.

असे बावीस दिवस गेले. काका वेळेचे पक्के, रक्तही त्यांच्यासारखंच, पंच्याण्णव ते एकशे दहा. लेक खूश, प्रमुख खूश. पहिल्या तीन दिवसांचे आकडे सोडून देऊ, असं ते आपणहून म्हणाले. त्यांनी नकाशांचं पुस्तक तिजोरीच्या कपाटातून काढून ठेवायलाही सांगितलं. सुईबाई रोज आपल्या जुन्या यंत्रावर आपलं बोट टोचत होती, आपला डोस घेत होती, वहीत खरे आकडे लिहीत होती. तब्येतीला धोका नव्हता. पण राग कमी व्हायचा तो वाढतच होता. लेकीचा फोन येई, ती गोड बोले, आणि सुईबाईला वाटे, ही माझ्याशी बोलतेय की घड्याळकाकांच्या करंगळीशी?

सव्विसाव्या दिवशी लेकीने बोलावलं. पडद्यांचं कापड आलंय, अर्धी सुट्टी काढ आणि ये, मापं तूच घे, तुझ्यासारखं सरळ कुणाला कापता येत नाही. सुईबाई एकचा आकडा काकांकडून उरकून दोनला निघाली. जरा लवकर जाते, एवढंच म्हणाली. कुठे ते काकांनी विचारलं नाही, कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. पण चारला त्यांनी चहा घेतला, चार बिस्किटं खाल्ली, आणि बाईंच्या खणाकडे पाहिलं. आकडा गेला नाही तर पोरगी काळजी करेल, त्यांच्या मनात आलं. सव्वीस दिवस झालेत, उरलेत मोजून चार, आता खाडा नको. त्यांनी खण उघडला, यंत्र काढलं आणि स्वतःची करंगळी स्वतःच टोचली.

लेकीच्या घरी तेव्हा दोघी मायलेकी बाहेरच्या खोलीत पडद्याचं कापड ताणून उभ्या होत्या. एक टोक लेकीच्या हातात, दुसरं सुईबाईच्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे बोलणं बंद होतं. टेबलावरचा फोन टिणटिणला. लेकीने मान वळवून पाहिलं.

तिने कापड सोडलं नाही. आधी आईच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे. मग हळूच तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आई, तुझी शुगर एकशे चार आली."

सुईबाईच्या तोंडात अजून पाच टाचण्या होत्या.

यंत्र बिघडलं असेल, लेकीने आधी तसंच धरून पाहिलं. मग आईचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. हे कुणाचं रक्त आहे, तिने विचारलं. सुईबाईने टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या आणि सगळं सांगून टाकलं. अक्षरं ठसवणारे काका, चार बिस्किटं, करंगळी. सांगताना ऐकायलाच इतकं वेडगळ वाटत होतं की कुणी तिसरं तिथे असतं तर हसून लोळलं असतं.

लेक हसली नाही. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"म्हणजे महिनाभर मी एका परक्या माणसाची शुगर बघून निश्चिंत होत होते."

"तू निश्चिंत व्हावंस म्हणूनच चाललं होतं ना सगळं? झालीस की."

"आई, ही थट्टा आहे का?"

"थट्टा तू केलीस. माझ्या कामावर फोन केलास. मला न विचारता. त्या माणसाला सांगितलंस, माझ्या आईला पुस्तक देऊ नका. बत्तीस वर्षं वाट पाहिली मी त्या पुस्तकाची. तुझ्या जन्माच्या आधीचं काही असेल माझ्याकडे तर ते एवढंच उरलंय."

"तू पडली होतीस. बसथांब्यावर. लोकांना वाटलं दारू प्यायलीये."

"पडले. उठलेही. तुला माझं पडणं तेवढं दिसतं. पन्नास वर्षांत मी अठरा हजार दिवस पडले नाही, ते कुणी मोजलेत?"

शब्दाला शब्द वाढत गेला. आज्जीसारखी तू, लेकीच्या तोंडावर सुईबाईने सांगितलं, तीच नळी हातात, तोच चेहरा. आकडा चांगला आला तर तुला आई हवी, नाही आला तर तुझी पोलीस चौकी सुरू. या बावीस दिवसांत तू मला पडद्याचा रंग विचारलास, ऑफिसातलं सांगितलंस. हे त्या काकांच्या रक्ताने मिळवून दिलं मला. माझ्या रक्ताने काय मिळतं? काय खाल्लंस, एवढंच.

लेक पांढरीफटक पडली. पडद्याचं कापड केव्हाच जमिनीवर गेलं होतं. ती त्याच्यावर उभी होती हेही तिच्या लक्षात नव्हतं.

"मी आठ वर्षांची होते," ती म्हणाली.

हा विषय त्या घरात कधी निघाला नव्हता.

"शाळेतून आले. तू स्वयंपाकघरात जमिनीवर होतीस. डोळे उघडे होते. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. स्टूल आणलं, चढले, डबा माझ्या अंगावर सांडला. मी तुझ्या हिरड्यांना साखर चोळत बसले. किती वेळ, मला माहीत नाही. तू उठलीस, माझे केस झटकलेस आणि म्हणालीस, कुणाला सांगू नकोस हं. मी सांगितलं नाही. बाबांनासुद्धा नाही. अजून कुठलंही दार उघडलं की मी आधी जमिनीकडे बघते. माझ्या स्वतःच्या घराचं असलं तरी. आणि तू मला पोलीस म्हणतेस."

सुईबाई खुर्चीत बसली. तेवीस वर्षं ती मनाशी म्हणत आली होती की पोर लहान होती, विसरली असेल. त्या दिवशी तिने डबा खालच्या फळीवर ठेवला होता आणि प्रश्न मिटला असं समजली होती. सांगू नकोस, असं का म्हणाली होती ती? सासूला कळलं असतं तर नोकरी सोडायला लावली असती म्हणून. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तिने ते ओझं ठेवलं आणि पुन्हा कधी उचललं नाही.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. आवाजात मऊपणा नव्हता. "त्याचा राग माझ्यावर काढ. हवा तितका काढ. पण माझ्या कामावर काढू नकोस."

"मी राग काढला नाही. मला भीती वाटते."

"दोन्ही सारखंच दिसतं या बाजूने."

लेक रडायला लागली. रागाने रडत होती. सुईबाईने तिला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं, पण हात उचलला असता तर भांडण तिथेच विझलं असतं आणि सगळं पुन्हा होतं तसं चालू झालं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. घरोघरी असंच होतं. पदराखाली घेतात आणि बोलायचं ते राहून जातं. ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "शुगर खाली गेली तर ती तुझी. त्याने माणूस मरतं, ते मी नाकारत नाही. सत्तरच्या खाली गेली की मी स्वतः तुला फोन करेन, त्याच मिनिटाला, कुठेही असले तरी. वर गेली तर ती माझी आणि डॉक्टरीणबाईंची. त्यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस. आणि माझ्या साहेबांशी तर अजिबात नाही."

लेक वाकून पडद्याचं कापड उचलायला लागली. सुईबाई जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला घड्याळकाका करंगळी पुढे करून उभे होते. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की सुईबाईलाच त्यांना धीर द्यावा लागला. मग ती प्रमुखांच्या खोलीत गेली. लेकीचा फोन आला नव्हता. प्रमुखांना काही ठाऊक नव्हतं, आणखी चार दिवस गप्प बसली असती तर पुस्तक हातात होतं. पण घड्याळकाकांच्या रक्तावर मिळालेलं पुस्तक तिला शिवायचं नव्हतं. तिने सगळं सांगितलं.

प्रमुखांनी कपाळाला हात लावला. अहो बाई, म्हणाले, आता मी काय करायचं, तुम्हीच सांगा.

"शिलाई तपासा," सुईबाई म्हणाली. "चौतीस वर्षांतलं कुठलंही पुस्तक कपाटातून काढा. एक टाका सैल निघाला तर मी आजच घरी बसते. माझं रक्त तपासायला डॉक्टर आहे. तुमच्या खोलीत तो विषय पुन्हा निघाला तर समितीपुढे जाऊन मी तो मोठ्याने काढेन."

ते बराच वेळ पेन्सिल सरळ करत राहिले. मग म्हणाले, कटिंग मशीनला तरी हात लावू नका. तिने ते लगेच मान्य केलं. पान कापायला धाकटी होती. बत्तीस वर्षं तिने वाट पाहिली होती ती शिवायची, कापायची नव्हे. प्रमुखांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. अजून त्यांचं मन पुरतं वळलं नव्हतं. तिने ती उचलली.

तार काढण्यातच पहिले बारा दिवस गेले. गंजलेली तार कागदाला धक्का न लावता एकेक वळण उलगडत काढायची, आणि प्रत्येक भोकाभोवतीचा तांबूस डाग कोरड्या कुंचल्याने झटकायचा. लेकीचा फोन आला नाही. सुईबाईनेही केला नाही. रात्री जेवताना ती फोन उलटा ठेवायची आणि मग सुलटा करून बघायची. राग दोन्हीकडे होता, आणि तिच्या बाजूचा तर तिला अगदी हवाहवासा वाटत होता, कारण तो गेल्यावर आत काय उरेल याची तिला कल्पना नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, पहिली घडी सांधून झाल्यावर, ती पहिला दोरा ओवत होती. दोरा सुईत जाईना. नकाशावरची नदी दोन ठिकाणांहून वाहायला लागली. मानेवर घाम आला, आणि आला तो गार. सुईबाईने हे पन्नास वर्षं ओळखलं होतं, आणि पन्नास वर्षं ती स्वतःशी तेच म्हणत आली होती, एवढी घडी संपवू, मग बघू. आत्ताही तेच मनात आलं. समोर पहिली घडी, पहिलं भोक, आणि प्रमुख काचेपलीकडे बसलेले, त्यांनी मान वर केली असती तर ती सरळ दिसली असती. तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आजच. पहिल्याच टाक्याला.

तिने सुई ठेवली. पुस्तकावर कापड झाकलं. टेबलापासून खुर्ची लांब ओढली, पर्समधलं जुनं यंत्र काढलं आणि बोट टोचलं. चौपन्न. ग्लुकोजच्या चार गोळ्या तोंडात टाकून चावल्या. घड्याळकाका अर्धवट उठले होते, तिने हाताने त्यांना बसवलं. मग फोन लावला. तिकडे एकदाच वाजला.

"चौपन्न," ती म्हणाली. तोंडात गोळ्यांचा खडूसारखा चुरा होता. "चार गोळ्या खाल्ल्या. बसले आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघणार."

पलीकडे श्वास ऐकू आला. लेकीने काय खाल्लं नव्हतंस असं विचारलं नाही. जवळ कोण आहे, असंही नाही. विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं, हे सुईबाईला इकडे बसून कळत होतं.

"बरं," लेक म्हणाली. आणि जरा थांबून, "माझा राग गेलेला नाही, आई."

"माझाही नाही."

काचेपलीकडे प्रमुखांनी मान वर केली होती. ते उठून दाराशी आले, झाकलेल्या पुस्तकाकडे आणि फोन धरून बसलेल्या बाईकडे पाहिलं. सुईबाईने फोन कानावरून न काढता त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "पंधरा मिनिटं बसणार आहे, साहेब. मग शिवणार आहे."

ते परत जाऊन बसले.

"फोन ठेवू नकोस," तिकडून लेक म्हणाली.

"नाही ठेवत," सुईबाई म्हणाली. "बोल काहीतरी. भांडलीस तरी चालेल."

आणि लेक भांडायला लागली. पडद्याचं कापड त्या दिवशी अर्धवट टाकून गेलीस, मी एकटीने कापलं, चार बोटं तिरकं गेलं आणि आता खिडकीला आखूड पडतंय, हे सगळं तुझ्यामुळे.

"मापं तू चुकीची घेतली असशील," सुईबाई म्हणाली आणि खुर्चीत जरा ताठ बसली.

मापं बरोबर होती, लेक तावातावाने म्हणाली, तुझ्याच टेपने घेतली होती. भिंतीवरच्या घड्याळात अजून अकरा मिनिटं बाकी होती.